चिमणी खडकाखालच्या पुंगळ्या

लिक फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
१२ सप्टेंबर २००९, शनिवार

डेल्मर,

दोनदा फोन केला, दोनदा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. तिसऱ्यांदा बायकोला पुढे केलंस, रेबाने उचलला. "तो घरी नाही गं," म्हणाली बिचारी, आणि मागे तुझा खोकला चांगला ऐकू येत होता. म्हणून पत्र. तुझ्यामाझ्या घरांमध्ये बारा मैल आणि एक डोंगर, आणि तेवढ्यासाठी मी पोस्टाचं तिकीट चिकटवतेय. पण फाडायच्या आधी माणूस पत्राची एखादी ओळ तरी वाचतो.

काम अगदी छोटं आहे. आजोबांची बंदूक तुझ्याकडे आहे. मला ती नको, घाबरू नकोस. तिच्यातून एक गोळी झाड, मागच्या मातीच्या ढिगात कुठेही, आणि मागे उरलेली रिकामी पुंगळी मला पाठव. पुसू नकोस, घासू नकोस. एवढंच.

का, ते सांगते. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले आणि उन्हाळ्यापासून हकलबेरी डोंगराच्या धारेवर जायला लागले. विद्यापीठातून वेंडेल प्रेटर नावाचा माणूस आलाय, पुरातत्त्वाचा. दाढी मोठी, वय लहान, पण साप दिसला तर ओरडत नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं. एकोणीसशे एकवीस सालच्या लढाईचा तो नकाशा करतोय. युनियन मागणारे खाणकामगार खालून कुठवर चढले, शेरीफची आणि कंपनीची माणसं वर कुठे खंदक करून बसली होती, कोण कुठून कुणावर झाडत होतं, सगळं. आम्ही दहाबारा जण मेटल डिटेक्टर घेऊन जंगल विंचरतो. पुंगळी मिळाली की तिथे निळा झेंडा. चेपलेली गोळी मिळाली की नारिंगी. पुंगळी जिथे पडते तिथे झाडणारा उभा होता, गोळी जिथे रुतते तिकडे त्याचा नेम होता. मग झेंड्यांकडे नुसतं बघितलं तरी कळतं.

तुमच्या कोळसा कंपनीचा तज्ज्ञ म्हणतो, या सगळ्या शिकाऱ्यांच्या पुंगळ्या आहेत. ऐंशी वर्षं लोक या धारेवर हरणं मारतायत, लढाईबिढाई झाली असेल तर दुसरीकडे कुठेतरी. ऑक्टोबरच्या शेवटी राज्याच्या राजधानीत मंडळापुढे सुनावणी आहे. धार राखायची, की उडवून तिच्या पोटातला कोळसा काढायचा, ते तिथे ठरेल.

माझ्या वाटणीला त्या धुराड्यासारख्या चिमणी खडकाच्या भोवतालचा तुकडा होता. तिथे काही मिळालं नाही.

तुझ्या कामाबद्दल मी काही बोलणार नाही. डॅडींच्या अंत्यविधीला बोलायचं ते बोलून झालं. पुंगळी तेवढी पाठव.

ओर्लीना किन्सर


२० सप्टेंबर, रविवार

डेल्मर,

आठ दिवस झाले. पुंगळी नाही, ओळ नाही. ठीक आहे.

पण शुक्रवारी जे झालं ते तुझ्या कानावर घालायलाच हवं. तुला आधीच माहीत असलं तर मला तेही कळायला हवं.

दुपारी मी एकटीच धारेवरून खाली येत होते. वाटेच्या तोंडाशी कंपनीचा पांढरा पिकअप आडवा लावलेला. दोघं जण. एक तुझ्या टोळीतला तो तांबड्या दाढीचा, आणि दुसऱ्याला मी आठ वर्षं शाळेत बीन्स वाढलेत, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"काय गं म्हातारे, आज किती खजिना?"

"तुझ्या अकलेपेक्षा जास्त. गाडी काढ."

"चाळीस घरच्या चुली विझवायला निघालीयस. त्यापेक्षा आपल्या चुलीपाशी बस, मक्याची भाकरी भाज."

"भाजली असती. विहिरीचं पाणी नारिंगी करून ठेवलंय तुम्ही, पीठ कशात भिजवू?"

तो हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "डेल्मरची बहीण आहेस म्हणून तोंडाने बोलतोय."

गाडी काढली त्यांनी. मी वळणावरून माझ्या ट्रकपाशी गेले, तर पुढची काच फुटलेली. सीटवर काचेच्या चुऱ्यात एक पुंगळी ठेवली होती. सापडलेली जुनी हिरवट नव्हे, नवी, चकचकीत, त्याच दिवशी झाडलेली. हातातल्या भिंगाने मी आधी तिचं बूड बघितलं. बंदुकीची पिन आपटते तिथला ठसा बरोबर मध्यभागी होता. तुझ्याकडच्या बंदुकीतली नव्हे. तेवढ्यापुरतं मला हायसं वाटलं, लाज वाटते सांगायला.

आता दुसरी गोष्ट. काल वर गेले तर चिमणी खडकाच्या दोन्ही अंगांनी झाडांना लाल फिती बांधलेल्या. तुमच्या ट्रकांच्या रस्त्याच्या. आधी तो रस्ता दक्षिणेकडून जाणार होता. वेंडेल म्हणाला, "आपल्या नकाशावर तो तुकडा कोरा आहे ना, ओर्लीना. कंपनीने कोर्टात तेच दाखवलं. जिथे काहीच नाही तिथून रस्ता न्यायला हरकत कसली, म्हणाले. न्यायाधीशालाही पटलं."

ते काम तुझ्या डोझरकडे आहे, असं ऐकते.

डेल्मर, रस्ता तिथून नेऊ नकोस. कारण विचारू नकोस. दक्षिणेकडून ने, खालून ने, कुठूनही ने. साठ वर्षांत मी तुझ्याकडे कितीदा काही मागितलंय ते तूच आठव.

ओर्लीना


३ ऑक्टोबर, शनिवार

डेल्मर,

कारण सांगितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस. मीही ऐकलं नसतं.

चिमणी खडकाखाली काही मिळालं नाही, हे खोटं आहे. वेंडेलच्या वहीत मी तसं लिहिलं, तेही खोटं आहे.

ऑगस्टच्या अकरा तारखेला मी तिथे होते, एकटी. खडकाच्या मागे जमीन जराशी खोलगट आहे, तिच्यात पानांचा ढीग. यंत्र असं किंचाळायला लागलं की मी दचकले. चार बोटं खाली एक पुंगळी, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. तीस-तीस मापाच्या. मी आनंदाने ओरडणारच होते. मग थुंकी लावून पहिलीचं बूड पुसलं.

ठसा मध्यभागी नव्हता. डावीकडे, काठाला लागून, नख रुतल्यासारखा अर्धा चंद्र. तिन्हींवर तोच.

तुला वेगळं सांगायला नको. लहानपणी डॅडी डबे ठेवून नेमबाजी शिकवायचे, तेव्हा त्या पुंगळ्या गोळा करायला आपण दोघं धावायचो, आणि तू म्हणायचास, "आजोबांच्या बंदुकीचा चंद्र बघ." अख्ख्या परगण्यात तसा ठसा उमटवणारी दुसरी बंदूक मी ऐकलेली नाही.

आणि चिमणी खडक वरच्या बाजूला आहे, डेल्मर. तो खोलगट भाग म्हणजे त्यांचा खंदक. तिथून खाली चढणाऱ्यांवर झाडत होते. चढणारे तिथवर पोहोचलेच नाहीत, हे वेंडेलच्या नारिंगी झेंड्यांनी केव्हाच दाखवलंय.

मी पानांवर बसले. किती वेळ, माहीत नाही. युनियनच्या हॉलमधला आजोबांचा फोटो डोळ्यांपुढे होता, गळ्यात लाल रुमाल, खाली 'क्रीड टोलर, हकलबेरीचा वीर'. दर सप्टेंबरात कामगार दिनाला मी त्या फोटोला हार घालते. आणि सहा वर्षांपूर्वी भरल्या चर्चमध्ये, डॅडींच्या पेटीशेजारी, तुला काय म्हणाले तेही आठवलं. युनियन नसलेल्या खाणीत गेलास म्हणून म्हणाले, "क्रीड टोलरचं रक्त तुझ्यात नाही."

तिन्ही पुंगळ्या मी जेवणाच्या डब्यात टाकल्या. खड्डा बुजवला. वहीत लिहिलं, 'काही नाही.'

त्या दोन शब्दांमुळे नकाशावर कोरी जागा राहिली आणि त्या कोऱ्या जागेतून आता तुमचा रस्ता येतोय. खंदकात अजून किती आहेत ते मी बघितलंच नाही, पण यंत्र सगळीकडे वाजत होतं. तो खंदक हाच खरा पुरावा आहे. शिकारी खंदकात ओळीने बसून हरणं मारत नाहीत. आणि मीच तो झाकला.

वेंडेलला अजून सांगितलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोनदा बिस्किटांवर बोलले. मला एक आशा आहे, मूर्खपणाची. माझी नजर म्हातारी झाली असेल, ठसा दुसराच असेल. म्हणून तुझ्याकडे पुंगळी मागितली होती. खोटं ठरायला.

आता तुला सगळं माहीत आहे. कंपनीला सांगायचं तर सांग.

ओर्लीना


९ ऑक्टोबर, शुक्रवार

डेल्मर,

तुझं पाकीट काल मिळालं. औषधाच्या बाटलीत कापूस घालून पुंगळी पाठवलीस. चारही शेजारीशेजारी ठेवून भिंगातून बघितल्या. पुन्हा बघायची गरज नव्हती.

तुझ्या ओळी मी इथे उतरवून काढते. तू काय लिहिलंस ते तूच विसरशील म्हणून.

'डॅडींनी मला एकाहत्तर साली सांगितलं, मी सैन्यातून परत आलो तेव्हा. आजोबा वर होते. तुला सांगायचं नाही असं मी ठरवलं, तुला ती दुसरी गोष्ट आवडायची. सोमवारी सकाळी सातला खडकापासून सुरुवात आहे, त्या दाढीवाल्याला आधी सांग.'

अडतीस वर्षं, डेल्मर. चर्चमध्ये मी तुला ते बोलले तेव्हा तुला माहीत होतं. अख्खं गाव तुझ्याकडे बघत होतं. तू टोपी घेतलीस आणि निघून गेलास. तेव्हा तुला फक्त तोंड उघडायचं होतं, मी तिथेच मातीत गेले असते. का नाही उघडलंस? रागावून विचारत नाही. खरंच विचारतेय.

मी त्या दिवशी बोलले ते चुकलं. आजोबा कुठेही असते तरी चुकलंच असतं. हे वाक्य मी चार कागदांवर लिहून फाडलं, यावरचं ठेवते.

रेबाला फोन केला. यावेळी तिने टाळलं नाही. डॅडींनी तुला जे सांगितलं होतं ते तिने थोडं सांगितलं. आजोबा एकोणीस वर्षांचे, कंपनीच्या दुकानात पिठाची पोती उतरवायचे. शेरीफची माणसं आली, हातात हीच बंदूक दिली आणि म्हणाली, वर चल, नाहीतर तुझ्या आईचं सामान संध्याकाळी रस्त्यावर असेल. घर कंपनीचंच होतं. पाच दिवस वर होते. पुढे तेहतीस साली युनियन परत आली तेव्हा सगळ्यांच्या आधी जाऊन सही केली. "मी लढलो होतो" असं ते कधी म्हणाले नाहीत म्हणे. लोकच म्हणाले, आणि त्यांनी नाही म्हटलं नाही. रुमालाचा फोटो छत्तीस सालचा आहे.

आज सकाळी वेंडेलला सांगितलं. त्याच्या टेबलावर डबा उघडून ठेवला. तो आधी पुंगळ्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"कुठल्या खोलीवर होत्या? तोंडं कुठल्या दिशेला होती? फोटो?"

"नाही काढले."

"ओर्लीना, जागेवरून उचललेली पुंगळी म्हणजे नुसतं पितळ. तुम्हाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं."

"हो."

"तुमच्या त्या दोन शब्दांवर मी सही केली आहे. न्यायाधीशापुढे तो नकाशा माझ्या नावाने गेलाय."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू बोलत होता. मग त्याने फोन उचलला. आमचा वकील म्हणाला, थांबवायचा हुकूम मिळेल, पण आज शुक्रवार, न्यायाधीश सोमवारी बसणार, दुपारच्या आत कागद हातात येणं कठीण. डोझर सातला सुरू होणार. खंदक उलटायला त्याला किती वेळ लागतो हे तुला विचारायची गरज नाही. वीस मिनिटं.

मी सोमवारी तिथे असेन. तुला अडचणीत आणायला नव्हे. दुसरं काय करावं ते सुचत नाही.

तुझी बहीण


१५ ऑक्टोबर, गुरुवार

डेल्मर,

रेबा म्हणते तू कुणाशीच बोलत नाहीस, व्हरांड्यात बसून असतोस. मग हे वाच. तू केबिनमध्ये होतास, इंजिनाच्या आवाजात बाहेरचं तुला काय ऐकू आलं असेल कोण जाणे.

सोमवारी मी साडेसहालाच खडकाच्या मागे येऊन उभी होते. धुकं होतं. वेंडेल आणि बाकीचे खाली फाटकापाशी अडवले गेले, मी जिनसेंगची मुळं खणणाऱ्यांच्या जुन्या वाटेने आले, ती त्यांना माहीत नाही. तुझा डोझर वळणावरून वर आला तेव्हा त्याचे दिवे थेट माझ्या तोंडावर. मागे दुसरा डोझर, त्याच्या मागे मुकादमाची गाडी.

पातं खाली होतं. माझ्यापासून तीस पावलांवर येऊन तू थांबलास. खरं सांगू? तू थांबशील याची मला खात्री नव्हती.

मुकादम उतरून पुढे आला. "बाजूला हो, बाई. ही खाजगी जागा आहे."

"खाली खंदक आहे. पुंगळ्या आहेत. हुकूम येतोय."

"येईल तेव्हा बघू. डेल्मर, चल."

तू चालवला नाहीस. पण मागेही घेतला नाहीस. डोझर त्या अरुंद कापलेल्या वाटेत आडवा फिरवलास, असा की पुढचं टोक खडकाला आणि मागचं टोक उताराला, आणि इंजिन बंद केलंस. एकदम इतकं शांत झालं की मागच्या डोझरवाल्याची शिवी स्पष्ट ऐकू आली.

"बिघडलं का?" मुकादमाने विचारलं.

तू दार उघडलंस. "नाही. चांगलं चालतंय."

"मग?"

"इथे लढाईचा खंदक आहे असं मला कळलंय. कळल्यावर मी त्यावरून नेणार नाही."

"बहिणीने पढवलं वाटतं!"

"बहिणीशी मी सहा वर्षं बोललेलो नाही. सगळ्या टोळीला माहीत आहे."

"किल्ली दे."

तू किल्ली शर्टाच्या खिशात घातलीस आणि दार आतून लावलंस.

त्यानंतरचे सहा तास मी जन्मात विसरणार नाही. तांबड्या दाढीचा वर चढून काचेवर मुठी मारत होता. "चाळीस जण रे! माझं घर हप्त्यावर आहे, हरामखोरा! तुला पेन्शन आहे, मला काय?" त्याचं काही खोटं नव्हतं, आणि तू त्याच्याकडेच बघत होतास, मान फिरवली नाहीस. दहाच्या सुमाराला त्याने लोखंडी पहार आणली. काचेला एक मारली, तडा गेला. मी मध्ये धावले तर मला ढकललं, मी खंदकाच्या काठावर पडले, कोपर सोललं. तेव्हा तू पहिल्यांदा उठलास. दार उघडून पायरीवर उभा राहिलास, हातात काही नाही. "तिला परत हात लावलास तर मी खाली येईन," एवढंच म्हणालास. तो तीस वर्षांनी लहान आहे तुझ्याहून. पण त्याने पहार खाली ठेवली. मग तो डोझरपाशी बसून रडला. ते तुला वरून दिसलं नसेल.

एक वाजून वीस मिनिटांनी शेरीफच्या माणसाने कागद आणला. मुकादमाने वाचला, घडी केला, आणि तुझ्याकडे न बघता म्हणाला, "डेल्मर, तुझं सामान फाटकापाशी ठेवायला सांगतो."

तू खाली उतरलास, माझ्या शेजारून गेलास. मी म्हटलं, "डेल्मर." तू म्हणालास, "तुझ्यासाठी नाही केलं. आजोबा तिथे बसले होते हे माहीत असताना मला त्यावरून पातं फिरवता येईना." आणि गेलास.

ठीक आहे. माझ्यासाठी नसेना का. पण कोपराला पट्टी बांधताना मी एकटी स्वयंपाकघरात हसले, तेवढं तुला सांगते.

खंदकातून तीन दिवसांत एकशे बारा पुंगळ्या निघाल्या. वेंडेलने प्रत्येकीचा जागेवर फोटो काढला, मला हात लावू दिला नाही. बऱ्याचशा लष्करी, बुडावर अठरा साल कोरलेलं, मशीनगनच्या. त्यांनी हरणं मारत नाहीत. आणि एक्केचाळीस आपल्या चंद्राच्या.

एक्केचाळीस गोळ्या गेल्या कुठे, हे मी वेंडेलला विचारलेलं नाही.

तुझी बहीण


३० ऑक्टोबर, शुक्रवार

डेल्मर,

तू सुनावणीला येणार नाहीस हे रेबाने सांगितलं होतं, तरी मी दोनदा दाराकडे बघितलं.

हॉल भरला होता. डावीकडे युनियनची म्हातारी मंडळी, पुढे ओटिस लॅम्पकिन, ऑक्सिजनची नळी नाकात आणि गळ्यात लाल रुमाल. उजवीकडे तुझी टोळी, कंपनीच्या टोप्या घालून. मी कुठल्या बाजूला बसावं हे मला कळेना, म्हणून मागे उभी राहिले.

शपथ घेतली. वेंडेलच्या वकिलाने विचारलं ते सगळं सांगितलं. खंदक कुठे, ठसा कसा, बंदूक कुणाची. "आणि ती बंदूक चालवणारा कुणाच्या बाजूने होता?"

मी म्हटलं, "माझे आजोबा क्रीड टोलर. शेरीफच्या बाजूने."

डावीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. ओटिस ओरडला, "थोबाड सांभाळ, पोरी! मी त्याच्याबरोबर वीस वर्षं खाणीत उतरलोय!" अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला. ओटिस उठला, नळी सावरत बाहेर गेला, त्याच्या मागे सातआठ जण. मी त्यांना जाताना बघत राहिले. त्यातल्या अर्ध्यांच्या मुलांना मी जेवू घातलंय.

मग कंपनीचा वकील. गुळगुळीत माणूस, आवाज मधासारखा.

"मिसेस किन्सर, तुम्ही पुरावा लपवलात. बरोबर?"

"बरोबर."

"वहीत खोटं लिहिलंत."

"लिहिलं."

"दोन महिने तीन पुंगळ्या जेवणाच्या डब्यात ठेवल्या. ती बंदूक तुमच्या भावाच्या घरी. तुमचा भाऊ त्या जागी रोज कामाला. मग उरलेल्या पुंगळ्या तुम्हा दोघांनी तिथे पेरल्या नाहीत, हे या मंडळाने कशावरून मानावं?"

त्याच्या त्या हसण्याने मला एकदम शाळेतली ती पोरं आठवली, दुसऱ्याच्या ताटातला केक उचलून साळसूद बघणारी.

मी म्हटलं, "साहेब, पेरायच्याच असत्या तर मी आजोबांना खालच्या बाजूला पेरलं असतं."

कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि काहीतरी लिहून घेतलं. वकिलाने कागद उलटसुलट केले, आणि "आणखी प्रश्न नाहीत" म्हणाला.

निकाल संध्याकाळी सांगितला. धार आणि तिच्या दोन्ही अंगांचे तीनशे यार्ड राखीव. रस्ता नाही, सुरुंग नाही. त्यापलीकडच्या दक्षिणेच्या डोंगराला परवानगी कायम. म्हणजे अर्धं. वेंडेलने माझा हात हातात घेतला, दाबला. परत कामावर या, असं मात्र म्हणाला नाही. ते मला कळतं.

आणि तुझ्या टोळीतल्या पंचवीस जणांना काम राहिलं, पंधरांना नाही. तांबड्या दाढीचा त्या पंधरांत आहे. हे तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुझी बहीण


१४ मार्च २०१०, रविवार

डेल्मर,

पहिल्यांदाच तुला असं पत्र लिहितेय जे खरंच लांब जाणार आहे. वायोमिंगचा पत्ता रेबाने दिला. तू दिला नसतास.

जानेवारीत न सांगता गेलास त्याचा राग धरत नाही. इथे तुला कुणी कामावर घेणार नव्हतं, दुकानात लोक तुझ्याकडे पाठ करून उभे राहत होते, आणि जावयाने तिथल्या खाणीत शब्द टाकला. साठीला परक्या जागी ट्रक चालवायचा, तोही शून्याखाली वीस अंशांत. रेबा लिहिते, तिथे झाडच नाही, नजर कुठे अडकत नाही, त्याची तुला भीती वाटते. खरं का रे?

इथलं सांगते. चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं. कंपनीवाले बसत नाहीत ते त्या सुनावणीमुळे, युनियनवाले बसत नाहीत ते आजोबांमुळे. एवढा मोकळा बाक मला आयुष्यात मिळाला नव्हता, पाय पसरून बसत होते. गेल्या महिन्यात मात्र ओटिस येऊन टेकला. धाप लागली होती. सगळं भजन होऊ दिलं. मग म्हणाला, "बेचाळीस साली छत कोसळलं तेव्हा क्रीडने मला पायाला धरून ओढून काढलं. आत परत गेला आणि दुसऱ्याला काढलं. मी चार महिने विचार करतोय, की तो वर बसून माझ्या बापावर झाडत होता, तर मग मी काय करू."

मी विचारलं, "मग काय ठरवलंत?"

"काही नाही. पुढच्या रविवारीही इथेच बसेन म्हणतो. तिकडे वारा लागतो."

शेवटी मी वेंडेलला तो प्रश्न विचारला. फोनवर. त्याने लपवलं नाही. आजोबांच्या मापाच्या गोळ्या उतारावर सापडल्यात, काही झाडांत, काही मातीत, काही बऱ्याच खाली, जिथे माणसं होती. कुठली कुणाला लागली, हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही, म्हणाला. मी फोन ठेवला आणि भांडी घासली. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की एकतर मी त्यांना सोडून देईन किंवा परत जवळ घेईन. तसं झालं नाही. ते आजोबाच राहिले. माझ्या केसांना रिबीन बांधायला त्यांना दोन्ही हातांची सगळी बोटं लागायची, तेच.

तुला मात्र एक विचारायचंय आणि ते पत्रात मावत नाही. मी तुला एवढी वर्षं दूषणं देत होते आणि तू ते ऐकून घेत होतास. ते तुला जड नव्हतं का? मी अंदाज करून थकले. तुझ्या तोंडून ऐकायचंय, आणि फोनवर तू ठेवून देशील.

म्हणून ट्रक विकला. फुटक्या काचेसकट गेला. मंगळवारी सकाळी बसने निघते, तीन वेळा बदलायची आहे. रेबाने पाय दुखतील म्हणून बजावलंय, तुझ्यासाठी वाळवलेले बीन्स आणायला सांगितलंय, तिथे चांगले मिळत नाहीत म्हणे. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तुमच्या गावी उतरेन.

स्थानकावर यायचं नसेल तर येऊ नकोस. पत्ता माझ्याकडे आहे.

ओर्लीना